डेंटिंगवाले डॉक्टर

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तेव्हा खिडकीतल्या स्टीलच्या वाडग्यात दोन कवळ्या पाण्यात बुडवून ठेवल्या होत्या. त्यांच्या शेजारी, त्याच पाण्यात, तळहाताएवढी एक लालभडक काच होती. मला वाटलं, एखादं नवीन उपकरण असेल. मी नुकतीच डेंटल कॉलेजातून बाहेर पडले होते आणि माहीत नाही असं म्हणायची लाज वाटायची.

"सर, ही कुणाची?" मी बेतानं विचारलं.

"राजेसाहेबांची. मागची, डाव्या बाजूची. उजवी शाबूत आहे, तिच्यावरनं माप घेतलं."

दिवसभर मी राजेसाहेब नावाच्या पेशंटची वाट बघत बसले. संध्याकाळी कळलं, की राजेसाहेब कधीच वारले आहेत आणि ही काच त्यांच्या लांबलचक अमेरिकन मोटारीच्या मागच्या दिव्याची आहे. असली काच जगात कुठे मिळत नाही म्हणून सरांनी ती कवळीच्या मटेरियलमध्ये लाल रंग कालवून स्वतः ओतली होती. कवळी करतात तसंच सगळं: माप, प्लास्टरचा साचा, मेण, मग पॉलिश. काच उजेडासमोर धरून ते म्हणाले, "दात करणाऱ्याला दिवा अवघड नाही. दिव्याला निदान चावायचं नसतं."

दवाखाना लालबागला, मसाल्याच्या दुकानाच्या डोक्यावर. उन्हाळ्यात मिरची कांडायला लागले की जिन्यातच ठसका लागायचा. आ वासून बसलेल्या पेशंटला शिंक आली तर काय करायचं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. सर मात्र पेशंटच्या नाकपुडीवर लक्ष ठेवून शिंकेच्या आधीच ड्रिल बाहेर काढायचे. साठीच्या आसपासचे, उंच, खुर्चीवर वाकून वाकून पाठीत किंचित पोक आलेले. कोटाच्या वरच्या खिशात दात बघायचा छोटा आरसा आणि खालच्या खिशात पाना. दोन्ही रोज लागायचे. आरसासुद्धा कधी दाढेमागे जायचा, कधी मोटारीच्या पत्र्यामागे. मध्ये उकळत्या पाण्यातून निघायचा, एवढी खात्री मी स्वतः करून घेतली होती.

मुंबईत मोटारीचे पोचे काढणाऱ्याला डेंटर म्हणतात आणि त्या कामाला डेंटिंग. त्यामुळे सरांचं नाव आपोआप पडलं होतं: डेंटिंगवाले डॉक्टर. एकदा एक टॅक्सीवाला जिना चढून आला आणि दारातूनच विचारायला लागला, "डेंटिंग इधरहीच होता है क्या?" मी नाही म्हणायच्या आत सर हातमोजे काढून खाली. इकडे खुर्चीत एक बँकेतले गृहस्थ अर्धा जबडा बधिर होऊन बसलेले. जाता जाता सर त्यांना म्हणाले, "इंजेक्शन चढायला वेळ लागतो. तोवर मी दरवाजा बघून येतो." गृहस्थांना वाटलं, दवाखान्याचा दरवाजा.

सर वाढले डिलाईल रोडच्या चाळीत. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, आई घरी खानावळ चालवायची. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की पोरांनी दिव्याखाली पुस्तक घेऊन बसायचं आणि कामगार जेवून जाईपर्यंत मान वर करायची नाही, असा घरचा शिरस्ता. अख्ख्या चाळीत दातांचा डॉक्टर झालेला हा पहिलाच मुलगा. त्यामुळे अर्ध्या गिरणगावाचे दात सरांच्या हातून गेले. गेले म्हणजे राहिले. कारण दात उपटायचं सरांच्या जिवावर यायचं. "काढायला काय, कुणीही काढेल. आधी किती उरलंय ते बघ," हे मी इतक्यांदा ऐकलं, की आता मी माझ्या दादरच्या दवाखान्यात तेच बोलते आणि आमची रिसेप्शनिस्ट माझ्या मागे ओठ हलवते.

सर जुन्या मोटारी जमवून दुरुस्त करायचे. त्या गाड्यांचा मुक्काम प्रभादेवीला, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या गाळ्यात. तिथे त्यांचा जोडीदार म्हणजे एक म्हातारा डेंटर. सर त्याला उस्ताद म्हणायचे आणि तो ह्यांना डॉक्टरसाब. दोघं तासन् तास एकाच पत्र्याला दोन बाजूंनी ठोकत बसायचे. एकानं आतून लाकडी ठोकळा धरायचा, दुसऱ्यानं बाहेरून हातोडी चालवायची, आणि मध्ये एक अक्षर नाही. पुढे तिथे एक पांढरी अमेरिकन वॅगन आली, तेव्हा दुपारी तिचा मागचा फळका खाली पाडून त्यावर डबे उघडायचे. मागचा दरवाजा असा आडवा पडून टेबल होतो म्हणूनच अमेरिकेत वॅगन काढली असावी, असं सरांचं मत होतं.

मोटारीच्या कंपनीचं नाव ते कधी तोंडातून काढत नसत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "तुम्हाला कुणी प्रसूतिगृहाच्या नावानं हाक मारतं का? मग?" त्यांच्याकडे गाड्या ओळखल्या जायच्या त्या माणसांवरून. शिकारीला नेत ती राजेसाहेबांची. लग्नाच्या वरातीत ट्रंपेटवाले घेऊन फिरायची ती बँडवाल्यांची. एक होती पळपुट्याची. तिचा मालक कर्ज बुडवून परदेशी गेला होता. तिच्याशी सर जरा तुटकपणे वागत.

ह्या सगळ्यात एकच अडचण होती. मॅडमना, म्हणजे सरांच्या बायकोला, मोटार लागायची. कुठलीही. प्रभादेवीहून दादरला जाईपर्यंत त्यांचा चेहरा लिंबासारखा व्हायचा. त्या शाळेत गणित शिकवायच्या आणि सगळीकडे पायी जायच्या. रविवारी सर त्यांच्याबरोबर फिरायला निघत, ते असे: मॅडम फुटपाथवरून चालताहेत आणि शेजारून रस्त्याच्या कडेनं, माणसाच्या चालीनं, राजेसाहेबांची ती अजस्र मोटार सरकते आहे. खिडकीतून दोघांच्या गप्पा चालू. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. मॅडम वळून त्यांनाच म्हणायच्या, "जरा थांबा हो, बोलतोय आम्ही."

लाल रंगामुळे झालेला एक घोटाळा सांगायलाच हवा. दिव्यासाठी कालवलेला रंग आणि हिरड्यांचा गुलाबी रंग सर एकाच कपाटात ठेवायचे. व्हायचं तेच झालं. लालबागच्या एका मालवणी मावशींची कवळी तयार होऊन आली ती थेट सिग्नलसारखी. मावशींनी ती तोंडात बसवली, आरशात स्वतःला नीट न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरांनू, ह्या काय ओ केलात? मी हसलंय तर मागची गाडी थांबतली."

सर इतके ओशाळले की लगेच नवीन कवळी करायला घेतली. मावशींनी ती घेतली, पण जुनीही परत दिली नाही. शिमग्याला गावी गेल्या तेव्हा मुद्दाम तीच लावून गेल्या, असं नंतर कळलं.

ताडपत्री दिसली की सरांचा पाय अडायचा. ताडपत्रीखाली काय आहे हे ते नुसत्या उतारावरून ओळखायचे. एकदा आम्ही दोघं गिरगावात एका पेशंटला घरी बघून परतत होतो. एका वाडीच्या अंगणात तसा उतार दिसला. सर आत शिरले, तर तिथे शोकसभा चाललेली. मागे फिरायच्या आत कुणीतरी आम्हाला खुर्च्या दिल्या. वारलेले गृहस्थ हार घातलेल्या फोटोतून आमच्याकडे बघत होते. मी जमिनीकडे बघत होते. सर ताडपत्रीकडे.

थोड्या वेळानं वारलेल्या गृहस्थांच्या मुलानं विचारलं, "आपली आणि बाबांची ओळख कुठली?"

"लांबून," सर म्हणाले.

"मग दोन शब्द बोला ना."

मला वाटलं आता इथून पळावं. सर उठले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी त्यांना कधी भेटलो नाही. पण त्या कोपऱ्यात एक मोटार आहे. ताडपत्री नवी आहे. तिच्याखाली जुनी आहे, तिच्याखाली आणखी जुनी. जो माणूस कधीच न चालणाऱ्या वस्तूवर दर पावसाळ्याआधी ताडपत्री बदलतो, त्यानं घरच्यांना उघड्यावर टाकलं नसणार." एवढं बोलून ते बसले. मुलगा रडायला लागला. ती मोटार काही सरांना मिळाली नाही, त्या मुलालाच ती ठेवावीशी वाटली. पण अख्खं कुटुंब आमचं पेशंट झालं.

आता त्या पांढऱ्या वॅगनबद्दल.

परळच्या एका गल्लीत एक छोटं प्रसूतिगृह होतं. ते चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळं गिरणगाव नुसतं 'बाई' म्हणायचं. बाईंनी उमेदीच्या काळात एक अमेरिकन स्टेशन वॅगन घेतली होती. परदेशी वकिलातीतला कुणी साहेब बदली होऊन गेला, त्याची. तिला पांढरा रंग दिला, मागचं सीट काढलं, स्ट्रेचर अडकवायला लोखंडी पकडी बसवल्या, बाजूला एक अरुंद बाक टाकला. चाळीतली बाई अडली की निरोप जायचा आणि वॅगन यायची. स्ट्रेचरवर पेशंट आणि बाकावर तिचा हात धरून बाई.

सर लहान असताना एका संध्याकाळी ती त्यांच्या चाळीसमोर आली होती. "आईला आत ठेवलं आणि फळका लावला," एकदा डबा खाताना त्यांनी मला सांगितलं. "मी पण येतो म्हणून रडलो. मला कुणी घेतलं नाही. गाडी निघाली, तिचे मागचे दोन लाल दिवे नाक्यापर्यंत दिसत होते. ते वळले तेव्हा मला वाटलं, आई आता संपली." मग डब्यातली भाजी चिवडत म्हणाले, "तिसऱ्या दिवशी आई बहिणीला घेऊन आली. पण ते दिवे काही डोळ्यांतनं गेले नाहीत."

आमच्या काळात प्रसूतिगृह बंद झालं होतं. बाईंनी ऐंशी ओलांडली होती, वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. खाली आवारात वॅगन चारी चाकांवर बसली होती. सर दर महिन्याला त्यांचे दात बघायला घरी जायचे आणि दर महिन्याला गाडी मागायचे. बाई म्हणायच्या, "दात बघायला आलायस ना? मग दात बघ." अशी कित्येक वर्षं गेली.

शेवटी इमारत पाडायची ठरली. बाई दादरला भाचीकडे जाणार होत्या. तिथे गाडीला जागा नव्हती. सरांना बोलावून त्या म्हणाल्या, "घेऊन जा. भंगारवाला तोडताना मला बघवणार नाही."

सर दुसऱ्याच दिवशी गाडी ओढून न्यायला टोचनवाला घेऊन हजर झाले. मीही होते. उस्तादनं मागचा फळका उघडला, तर आत, बाकाखाली, मांजर व्यालेली. बाई गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, "गाडी हलवू नकोस. बाळंतीण आहे." सरांनी टोचनवाल्याला परत पाठवलं. पिल्लांचे डोळे उघडून ती धावायला लागेपर्यंत गाडी तिथेच राहिली. बिल्डरची माणसं रोज येऊन विचारायची आणि सर त्यांना रोज गंभीरपणे तब्येतीची माहिती द्यायचे.

गाळ्यात आल्यावर पहिल्या आठवड्यातच ते घडलं. दरवाजाच्या बिजागरीपाशी पांढरा रंग खरवडताना खालून दुसरा रंग निघाला. समुद्राच्या पाण्यासारखा हिरवा. छताजवळ सायीसारखा फिका. सरांनी मला दवाखान्यातून बोलावून घेतलं. ते अक्षरशः कुजबुजत होते. "बघ. हा रंग बाईंनीसुद्धा कधी नीट पाहिला नसेल. घेतली आणि लगेच पांढरी केली. खाली हे होतं."

त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. पुढची काही वर्षं त्या एका गाडीत गेली. पकडी काढल्या, बाक काढला, परदेशातून मूळचं सीट मागवलं. गाडीवरच्या नावाची गळून पडलेली अक्षरं दाताच्या टोपणासारखी मेणावरून ओतली. उस्तादनं एकेक पोचा काढून पत्रा असा केला, की ट्यूबलाइट त्यात सरळ रेघेसारखी दिसावी. गाडी पूर्ण झाली. त्या गाळ्यात, ग्रीसच्या डागांमध्ये, जुन्या मासिकातलं पान उघडून ठेवावं तशी ती उभी होती.

त्या हिवाळ्यात जुन्या मोटारींच्या मेळाव्यात तिला पहिलं बक्षीस मिळालं. मॅडम चालत येऊन तिथे पोचल्या होत्या. परीक्षकांनी बॉनेटच्या आतले स्क्रूसुद्धा तपासले आणि एक चूक काढता आली नाही. चषक पुढच्या सीटवर ठेवून सर मला म्हणाले, "चल. बाईंना दाखवू."

दादरला भाचीच्या इमारतीखाली आम्ही बाईंना खुर्चीसकट खाली आणलं. उन्हात वॅगन झळकत होती. आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं जमली. बाईंनी हातानं डोळ्यांवर सावली धरली आणि बराच वेळ बघितलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "कुणाची?"

मला वाटलं वयामुळे झालं. सरही हसले. "बाई, तुमची. आपली वॅगन."

बाई उठल्या. काठी टेकत मागे गेल्या, फळका उघडायला लावला आणि आतल्या बाजूच्या पत्र्यावर हात फिरवू लागल्या. आंधळ्या माणसासारखा त्यांचा हात काहीतरी शोधत होता.

"इथे पोचा होता," त्या म्हणाल्या.

"काढला, बाई. सगळे काढले."

"आतून होता रे. ह्या इथे. कळ आली की बायका पाय रोवायच्या. मी सांगायचे, रोव, जोरात रोव, गाडी माझी आहे." त्यांनी हात काढून घेतला. "दमला असशील इतकं करताना. चांगली केलीस. मला जरा वर घेऊन चला."

आम्ही परत निघालो. सिग्नलला लोक मोबाइल काढून गाडीचे फोटो घेत होते. एरवी अशा वेळी ते काच खाली करून बसायचे. त्या दिवशी त्यांनी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका आजोबांच्या कवळीची मांडणी चालली होती. सरांची पद्धत अशी, की कवळी करताना पेशंटचा जुना, हसतानाचा फोटो मागवायचा. दातांत फट असेल तर फट ठेवायची, एखादा दात दुसऱ्यावर चढलेला असेल तर तसाच चढवायचा. सरळ रांगेतले दात दिले तर घरच्यांना माणूस परका वाटतो, असं ते सांगायचे. त्या आजोबांचा लग्नातला फोटो समोर ठेवून सर मेणात एक दात किंचित तिरका बसवत होते. मध्येच हात थांबला.

"हे मला समजतं," ते म्हणाले. "आणि तिकडे मी काय केलं?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही ती जशी मुळात होती तशी केलीत."

"मुळात म्हणजे कधी? त्या साहेबानं दोन-तीन वर्षं वापरली. बाईंनी जन्म काढला तिच्यात. मी साहेबाची गाडी करून बाईंना दाखवायला नेली." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्या आईनं पाय रोवला असेल तिथे. तो मी सपाट करून घेतला. वर उस्तादला शाबासकी दिली."

संध्याकाळी आम्ही गाळ्यावर गेलो. सरांनी उस्तादला सांगितलं, गाडी पांढरी करायची.

उस्ताद बसल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत राहिला. "सफेद? इसके ऊपर?"

"इसके ऊपर."

"डॉक्टरसाब, तबियत ठीक है ना? इनाम मिला है इसको."

"इनाम घर पे रहेगा. गाडी सफेद करनी है."

उस्तादनं दोन दिवस काम बंद ठेवलं. मग तो आपणहून आला आणि पॉलिश पेपर घेऊन बसला. त्या समुद्री हिरव्यावर पहिला हात मारला तेव्हा सर गाळ्याबाहेर जाऊन उभे राहिले. पकडी आणि बाक माळ्यावर होते, कारण सरांनी आयुष्यात काही टाकलं नव्हतं. ते परत बसले. सलाईनची बाटली टांगायचा आकडा बसला. परदेशी सीट गोणपाटात गुंडाळून माळ्यावर गेलं.

राहिला तो पोचा. उस्ताद हातोडी घेऊन आत शिरला आणि विचारलं, किती खोल होता. सरांनी त्याचा हात धरला.

"रहने दो. झूठा नहीं चाहिए."

ती जागा तशीच राहिली, गुळगुळीत. त्या कामातली तेवढी एकच गोष्ट सरांना परत आणता आली नाही आणि पुढे कधी गाडीचा विषय निघाला की ते तीच आधी सांगायचे.

सर आता नाहीत. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. उस्ताद त्यांच्या आधीच गेला होता. गाडी सरांच्या मुलीकडे नाशिकला आहे. ती महिन्यातून एकदा चालवते आणि मॅडम फाटकापर्यंत चालत जाऊन बघतात. मेळाव्यात ती पुन्हा नेली नाही. एका परीक्षकानं पुढच्या हिवाळ्यात फोन करून विचारलं होतं, रंग का बदललात, ओरिजिनल होता. सर म्हणाले, "हाच ओरिजिनल. तुम्ही यायच्या आधीचा." समोरचा गृहस्थ काय समजला कोण जाणे.

गाडी पांढरी झाल्यावर बाईंना न्यायला आम्ही पुन्हा गेलो तो एक रविवार होता, सकाळची वेळ. ह्या वेळी सरांनी आधी काही सांगितलं नव्हतं. बाई लिफ्टमधून बाहेर आल्या, फाटकातून बघितलं आणि खुर्ची नको म्हणाल्या. चालत गाडीपाशी गेल्या. सरांनी पुढचा दरवाजा उघडून धरला होता. त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"फळका उघड."

त्यांना आत चढवणं सोपं नव्हतं. मी खालून आधार दिला, सरांनी वरून हात धरला. त्या बाकावर बसल्या आणि मला शेजारी बसवलं. समोर रिकाम्या स्ट्रेचरच्या पकडी होत्या. गाडी सुरू झाली तसा त्यांचा डावा हात आपोआप वर गेला आणि छताजवळची कडी त्यांनी न बघता धरली.

"कुठे घेऊ, बाई?" सरांनी पुढून विचारलं.

"डिलाईल रोड."

बाई मागून रस्ता सांगत होत्या. "आता डावीकडे. हळू, इथे खड्डा आहे." खड्डा कधीच बुजला होता, सरांनी तरी गाडी हळू केली. "पुढे पाण्याच्या नळाशी वळ." नळाच्या जागी काचेच्या इमारतीचं फाटक होतं आणि आडवा दांडा. चाळ होती तिथे टॉवर उभा होता. वॉचमन पुढे आला, गाडीचा अवतार बघून गोंधळला.

"किसके यहाँ जाना है?"

सरांनी काच खाली केली. मागून बाईंचा आवाज आला, वय गळून पडल्यासारखा, खणखणीत. "पेशंट है. दांडा उठाव."

वॉचमननं सलाम केला आणि दांडा उचलला.

आत कारंजं होतं, कुंड्या होत्या, चकचकीत गाड्यांची रांग होती. बाईंनी सरांना एका ठिकाणी थांबायला सांगितलं. "इथपर्यंतच यायची गाडी. पुढे बोळ होता. बायका इथवर चालत यायच्या, दोघींच्या खांद्यावर हात टाकून."

सरांनी इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवरचे हात न काढता ते म्हणाले, "बाई, माझी आई इथूनच चढली होती. पहिल्या मजल्यावरची. खानावळ होती आमची. मी खाली रडत उभा होतो."

बाईंनी खरंच आठवून बघितलं. डोळे मिटले, ओठ हलले. मग मान हलवली. "नाही रे आठवत. इतक्या होत्या. काय झालं होतं?"

"मुलगी."

"दोघी नीट आल्या ना घरी?"

"हो."

"मग झालं तर."

सर पुढे बसून होते. त्यांची पाठ मला दिसत होती, तो पोक. खिशातून रुमाल काढून त्यांनी आधी पुढची काच पुसली, जी स्वच्छच होती, आणि मग डोळे.

तेवढ्यात एक भलीमोठी नवी गाडी मागे येऊन उभी राहिली. तिला जायला जागा नव्हती. सरांनी गाडी सुरू केली आणि वळवताना समोर आलेल्या कबुतरांसाठी हॉर्न वाजवला. दोन सुरांचा, भरदार, जुन्या आगबोटीसारखा.

बाई चमकल्या. "हा कुठला?"

"कंपनीचा, बाई. तुमच्या वेळी बिघडलेला होता, मी दुरुस्त केला." सरांचा आवाज एकदम पडला. "आपला कसा होता? सांगा, मी बदलतो."

"आपला बकरीसारखा ओरडायचा," बाई म्हणाल्या. "पोटातल्या पोराला कळायचं, आता यायला हवं." मग म्हणाल्या, "नको बदलूस. एवढी मेहनत केलीस, काहीतरी तुझंही असू दे तिच्यात."

बाईंना दादरला सोडून आम्ही प्रभादेवीकडे निघालो. रविवार सकाळ, रस्ता मोकळा होता. समोर माणूस नव्हता, कबुतर नव्हतं. सरांनी तरी हॉर्न वाजवला, आणि थोडं पुढे गेल्यावर पुन्हा वाजवला.